मॅट्रिक्सच्या घरात सदिश ठेवताना

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, मॅट्रिक्सच्या एका घरात आकड्याऐवजी अख्खा सदिश ठेवता येतो का?" मॅट्रिक्स म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेले आकड्यांचे कोष्टक, आणि सदिश म्हणजे तूर्तास एकत्र धरलेल्या काही आकड्यांची यादी समजा. ती विद्यार्थिनी कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीची. पंचगंगा पात्राबाहेर पडली की ज्या गावांना घरे सोडावी लागतात त्यांपैकी हे एक गाव, आणि तिच्या घराच्या भिंतीवर २०१९ सालच्या पाण्याची रेघ अजून दिसते. प्रकल्प म्हणून तिने त्या परिसरातल्या पुराचे एक लहान गणिती प्रारूप पायथनमध्ये लिहायला घेतले होते. मी तिला तेव्हा दिलेले उत्तर घाईचे होते. "येतो की, ऑब्जेक्ट प्रकारचा ॲरे घे," असे म्हणून मी तासाला निघून गेलो. त्या उत्तरामुळे तिचे पंधरा दिवस वाया गेले, म्हणून या प्रश्नाचे पूर्ण उत्तर इथे नीट लिहून ठेवतो आहे.

आधी प्रश्न कुठून आला ते पाहू. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात जो तो एकच आकडा विचारत असतो, तो म्हणजे राजाराम बंधाऱ्यावरची पाण्याची पातळी. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. ही पातळी अदिश आहे, म्हणजे एका आकड्यात संपते. मात्र पाणी कोणत्या शेतातून कोणत्या गल्लीकडे सरकेल हे सांगायचे असेल तर जागोजागी पाण्याचा वेग आणि त्याची दिशाही लागते. तिने १० मीटर बाजूच्या चौरस घरांची जाळी नकाशावर टाकली होती. पूर्व-पश्चिम १००० घरे आणि दक्षिणोत्तर ८०० घरे घेतली, की १० किलोमीटर लांब आणि ८ किलोमीटर रुंद पट्टा तयार होतो आणि त्यात चिखलीचा संगमही येतो व राजाराम बंधाराही. प्रत्येक घरासाठी तिला तीन आकडे हवे होते: पाण्याची खोली, खोली गुणिले पूर्वेकडचा वेग आणि खोली गुणिले उत्तरेकडचा वेग. उघड्या पात्रातल्या प्रवाहाची एका मितीतली समीकरणे सेंट-व्हेनान याने १८७१ साली मांडली, आणि त्यांच्या दोन मितींतल्या रूपात हेच तीन आकडे प्रत्येक ठिकाणी मोजावे लागतात. वेग थेट न घेता तो खोलीने गुणून घेतात, कारण हिशेब पाण्याच्या आणि संवेगाच्या (इथे खोली गुणिले वेग) अक्षय्यतेचा असतो.

इथेच एक भेद सांगून टाकतो, कारण पुढे तो उपयोगी पडेल. हे तीन आकडे एकत्र धरले की प्रोग्रामर त्यांना व्हेक्टर म्हणतो, परंतु भूमितीच्या अर्थाने त्यांतले शेवटचे दोनच मिळून सदिश होतो. नकाशा ३० अंशांनी फिरवून मांडला तर खोली तीच राहते, आणि उरलेले दोन आकडे मात्र एकमेकांत मिसळून नवे दोन आकडे तयार होतात. 'आकड्यांची यादी' आणि 'दिशा असलेली राशी' या दोन्हींना आपण एकच नाव देतो, आणि बऱ्याच चुका त्या एका नावाच्या आधाराने लपून राहतात.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. तिने सर्वप्रथम ८०० ओळी आणि १००० स्तंभांचा साधा संख्यांचा मॅट्रिक्स घेतला आणि त्याच्या एका घरात तीन आकड्यांचा सदिश ठेवून पाहिला. नमपायने, म्हणजे पायथनमध्ये ॲरे (आकड्यांच्या मांडण्या) हाताळणाऱ्या साधनाने, ते नाकारले: घटकाच्या जागी अनुक्रम ठेवता येत नाही, अशा अर्थाचा संदेश आला. यात भाषेचा हट्ट नाही. मॅट्रिक्स आपल्याला कागदावर आडवा-उभा दिसत असला तरी मेमरीत तो एका सरळ रांगेत पसरलेला असतो, आणि दुहेरी अचूकतेच्या प्रत्येक संख्येला त्या रांगेत नेमके ८ बाइट मिळालेले असतात. अमुक ओळ आणि अमुक स्तंभ सांगितला की संगणक काही शोधत बसत नाही. ओळीच्या क्रमांकाला १००० ने गुणायचे, स्तंभाचा क्रमांक मिळवायचा, येणाऱ्या संख्येला ८ ने गुणायचे आणि सुरुवातीच्या पत्त्यात मिळवायचे, इतकाच तो हिशेब. सगळी घरे एका मापाची असतात म्हणून तो क्षणात होतो. ८ बाइटांच्या घरात २४ बाइटांचा सदिश बसवला तर पुढच्या प्रत्येक घराचा पत्ता चुकेल.

त्यानंतर तिने माझ्या सांगण्यावरून ऑब्जेक्ट प्रकार घेतला. त्यात घराचे माप ८ बाइटच राहते, परंतु घरात सदिश नसतो, सदिश मेमरीत कुठे ठेवला आहे त्याचा पत्ता असतो. अंबाबाईच्या देवळाबाहेर चप्पल स्टँडवर आपण चपला देतो आणि हातात नंबराचा बिल्ला घेतो, तसे हे आहे. बिल्ले सगळे एका मापाचे असतात, ओळीने नीट लावता येतात, पण चपला दुसरीकडेच असतात. आणि दोन माणसांकडे एकाच नंबराचे बिल्ले गेले, तर दोघांचा हक्क एकाच जोडावर लागतो.

नेमके तेच झाले. लूपच्या, म्हणजे घराघरासाठी पुन्हा पुन्हा चालणाऱ्या सूचनांच्या, वर तिने शून्यांचा एक सदिश तयार केला होता आणि आठ लाख घरांत तोच ठेवत नेला होता. प्रोग्राम बिनतक्रार चालला. चाचणीसाठी तिने संगमाजवळच्या एका घरात अडीच मीटर खोलीचे पाणी भरले आणि चित्र काढले. ती लॅपटॉप घेऊनच माझ्याकडे आली. "सर, मी एकाच घरात पाणी ओतलंय, पण आख्ख्या नकाशात तेवढंच दिसतंय." पडद्यावर पन्हाळ्याच्या बाजूचा उंच भागसुद्धा अडीच मीटर पाण्याखाली होता. तिने आधी जमिनीच्या उंचीची फाइल तपासली होती, मग समीकरणे, मग चित्र काढणारा भाग, आणि हे सगळे बरोबरच होते. नकाशात आठ लाख घरे होती, पण सदिश एकच होता. एका घरातून त्याचा पहिला घटक बदलला की आठ लाख घरांतून तोच बदललेला दिसत होता. लूपच्या आत प्रत्येक घरासाठी नवा सदिश तयार केला की हा दोष जातो, आणि तो गेलाही. ज्युलिया या भाषेमध्ये एकाच सदिशाने मॅट्रिक्स भरला तरी हेच होते. मॅटलॅब आणि ऑक्टेव्ह या गणनेच्या भाषांमध्ये महिरपी कंसांचा सेल ॲरे मिळतो, त्याच्या घरातही अख्खा सदिश राहतो, पण तिथे एका घरात बदल करताच त्या घरापुरती वेगळी प्रत तयार होते, त्यामुळे हा अपघात टळतो.

दोष गेला, तरी दुसरी अडचण तशीच राहिली. प्रत्येक छोट्या सदिशाला आपल्या २४ बाइटांखेरीज आपला प्रकार, आकार आणि इतर माहिती सांगणारे शंभरच्या आसपास बाइटांचे वेष्टन लागते, आणि वर पत्त्याचे ८ बाइट लागतातच. आठ लाख घरांचा हिशेब दहा कोटी बाइटांच्या पुढे जातो, जेव्हा प्रत्यक्ष आकडे फक्त १ कोटी ९२ लाख बाइटांचे आहेत. जागेपेक्षाही वेळ अधिक जातो, कारण प्रत्येक घरासाठी पायथनला पत्ता वाचून, तिथे जाऊन, वेष्टन उघडून मग आकडे हाताळावे लागतात, आणि नमपायचे सारे बळ तर सलग मांडलेल्या आकड्यांवर एका झपाट्यात क्रिया करण्यात आहे.

पुराच्या प्रारूपात हा वेळ किती महत्त्वाचा आहे हे एका उदाहरणाने कळेल. ९ मीटर खोल पाण्यात लाटेचा वेग खोली आणि गुरुत्व त्वरण यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सेकंदाला सुमारे ९.४ मीटर असतो. प्रवाह स्वतः सेकंदाला २ मीटर वाहत असेल तर पाण्यातल्या बदलाची बातमी सेकंदाला ११.४ मीटर पुढे जाते. कूरां, फ्रीडरिख्स आणि लेवी यांनी १९२८ साली दाखवून दिलेल्या अटीप्रमाणे गणनेच्या एका पावलात ही बातमी एका घरापेक्षा पुढे जाता कामा नये. घर १० मीटरचे आहे, म्हणजे पाऊल ०.८८ सेकंदापेक्षा मोठे घेता येत नाही. एका दिवसाच्या पुरासाठी जवळजवळ एक लाख पावले होतात आणि प्रत्येक पावलाला आठही लाख घरांना हात लावावा लागतो. इथे घराघरात वेष्टन उघडत बसणे परवडणारे नाही.

मग सदिश ठेवायचे कसे? मॅट्रिक्सच्या घरात सदिश ठेवण्याचा हट्ट सोडावा आणि तीन निर्देशांकांची पेटी घ्यावी. ओळ, स्तंभ आणि घटक असे तीन अक्ष, ८०० गुणिले १००० गुणिले ३. ओळ आणि स्तंभ सांगून तिसरा निर्देशांक मोकळा सोडला की त्या जागेचा सदिश हाती येतो. म्हणजे मुळात जे हवे होते ते मिळाले, आणि सगळे आकडेही सलग राहिले. इथपर्यंतचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. त्यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि मला वाटते तो पुरेशा आग्रहाने विचारला जात नाही: तीन अक्षांपैकी मेमरीत सर्वांत वेगाने कोणता अक्ष धावतो?

नमपायमध्ये, सी भाषेच्या रीतीने, शेवटचा निर्देशांक सर्वांत वेगाने बदलतो. पेटी ८००, १०००, ३ अशी मांडली तर एका घटकावरून दुसऱ्या घटकावर जायला ८ बाइट, शेजारच्या स्तंभावर जायला २४ बाइट आणि खालच्या ओळीवर जायला २४,००० बाइट ओलांडावे लागतात. प्रत्येक घराचे तीन आकडे एकमेकांना खेटून बसतात. तीच पेटी ३, ८००, १००० अशी मांडली तर शेजारचा स्तंभ ८ बाइटांवर, खालची ओळ ८,००० बाइटांवर, आणि त्याच घराचा पुढचा घटक थेट ६४ लाख बाइटांवर जातो. तेव्हा आठ लाख खोल्या एकीकडे, पूर्वेकडचे आठ लाख संवेग दुसरीकडे आणि उत्तरेकडचे तिसरीकडे बसतात. आकडे तेवढेच आणि तेच असतात, फक्त शेजार बदलतो.

शेजाराला इतके महत्त्व का, हे प्रोसेसरच्या सवयीत आहे. आजच्या बहुतेक प्रोसेसरांत मेमरीतून एकच आकडा मागवला तरी ६४ बाइटांचा अख्खा तुकडा कॅशेत, म्हणजे प्रोसेसरजवळच्या लहान पण वेगवान मेमरीत, येतो, म्हणजे एका खेपेला आठ आकडे. समजा आपल्याला फक्त खोली तपासायची आहे, उदाहरणार्थ कोणत्या घरांत पाणी अर्ध्या मीटरपेक्षा जास्त आहे ते पाहायचे आहे. घटक खेटून बसवले असतील तर आलेल्या आकड्यांपैकी एक तृतीयांश उपयोगाचे आणि बाकीचे संवेग उगीच ओढून आणलेले असतात. घटक वेगळे मांडले असतील तर आठपैकी आठही आकडे कामाचे असतात. उलट एका घराच्या तिन्ही आकड्यांवरून शेजारच्या घरात किती पाणी जाईल हे लूपमध्ये घर-घर करत मोजायचे असेल, तर खेटून बसवलेली मांडणी सोयीची पडते. त्यामुळे अमुकच मांडणी चांगली असे सरसकट सांगता येत नाही. आपला प्रोग्राम दिवसभर कोणती वाट तुडवणार आहे, ते पाहून ठरवावे लागते.

भाषा बदलली की हे उलटे होते, आणि जाणती माणसेही इथे फसतात. आयबीएमने १९५७ साली बाहेर आणलेल्या फोरट्रानने स्तंभ सलग ठेवण्याची रीत घातली, म्हणजे तिथे पहिला निर्देशांक सर्वांत वेगाने धावतो. क्लीव्ह मोलर यांनी मॅटलॅबचे पहिले रूप फोरट्रानमध्येच लिहिले होते, आणि मॅटलॅबमध्ये ती रीत आजही आहे. आर ही भाषा आणि २०१२ साली आलेली ज्युलिया यांनीही तीच उचलली. म्हणून घराचे तीन आकडे खेटून बसवायचे असतील तर या भाषांत घटकाचा अक्ष पहिला घ्यावा लागतो, आणि नमपायमध्ये शेवटचा. एका भाषेतला प्रोग्राम निर्देशांकांचा क्रम न बदलता दुसऱ्या भाषेत उतरवला तर उत्तर बरोबर येते, पण मांडणी नेमकी उलटी होऊन बसते आणि प्रोग्राम का रेंगाळतो आहे ते कळत नाही.

नमपायमध्ये संपूर्ण ॲरेवर एकदम क्रिया करण्याची पद्धत असल्याने, तिथे मी आता घटकाचा अक्ष पहिला ठेवण्याच्या बाजूचा झालो आहे. वेग काढायचा तर दोन्ही संवेगांना खोलीने भागावे लागते. खोलीचा ॲरे ८०० गुणिले १००० आहे. निरनिराळ्या आकारांचे ॲरे जुळवताना नमपाय उजवीकडून अक्ष जुळवत येतो. संवेगाची पेटी २, ८००, १००० असेल तर उजवीकडचे दोन अक्ष खोलीच्या अक्षांशी अचूक जुळतात आणि भागाकार सरळ होतो. पेटी ८००, १०००, २ असेल तर त्यातला २ आणि खोलीतले १००० समोरासमोर येतात, ते जुळत नाहीत, आणि प्रोग्राम थांबतो. खोलीला शेवटी १ मापाचा अक्ष जोडला की काम होते, पण ते दर वेळी लक्षात ठेवावे लागते.

प्रोग्राम थांबतो ही खरे तर चांगली गोष्ट आहे. काळजी वाटते ती तो थांबत नाही तेव्हा. आपण चाचणीसाठी नेहमी लहान जाळी घेतो, आणि सवयीने ३ गुणिले ३ ची घेतो. घटकही तीनच आहेत. आता पेटी ३, ३, ३ आणि खोली ३, ३. सगळे सगळ्याशी जुळते. घटकाचा अक्ष शेवटी ठेवून भागाकार केला तर पहिल्या ओळीतल्या दुसऱ्या घराच्या तिसऱ्या घटकाला त्याच घराच्या खोलीने भाग जात नाही, तर दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या घराच्या खोलीने जातो, आणि कोणताही संदेश येत नाही. तिच्या चाचणीत सगळीकडे खोली सारखीच, १ मीटर होती, म्हणून उत्तरही बरोबर आले. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. तेव्हापासून मी वर्गात ठाम नियम केला आहे की चाचणीची जाळी ४ गुणिले ५ ची घ्यायची, घटक ३ घ्यायचे आणि प्रत्येक घरात वेगळी खोली भरायची. तिन्ही मापे वेगळी असली की अक्षांची अदलाबदल झाकली जात नाही.

आता थोडे बीजगणित, कारण मांडणी ठरली तरी या पेटीचा गुणाकार म्हणजे काय हा प्रश्न उरतो. मॅट्रिक्स हा शब्द सिल्व्हेस्टरने १८५० साली वापरला आणि १८५८ साली केलीने मॅट्रिक्सांचे बीजगणित मांडले. त्या गुणाकारात घरांतल्या राशींची बेरीजही करावी लागते आणि आपसांत गुणाकारही. सदिशांची बेरीज होते, त्यांना संख्येने गुणता येते, परंतु सदिशाला सदिशाने गुणण्याचा एकच एक सर्वमान्य अर्थ नाही. म्हणून साध्या संख्यांच्या मॅट्रिक्सने सदिशांच्या मॅट्रिक्सला गुणणे पूर्ण अर्थपूर्ण आहे. समजा ८०० गुणिले ८०० चा एक मॅट्रिक्स प्रत्येक घराची त्याच्या वरच्या-खालच्या घरांशी सरासरी काढतो. तो सदिशांच्या मॅट्रिक्सवर चालवला की प्रत्येक घरात सदिशांचीच सरासरी येते. नमपायचा मॅट्रिक्स-गुणाकार शेवटच्या दोन अक्षांना मॅट्रिक्स मानतो आणि त्याआधीच्या अक्षांना निव्वळ चळत मानतो, त्यामुळे घटकाचा अक्ष पहिला असेल तर हे एका ओळीत होते. तो शेवटी असेल तर मापेच जुळत नाहीत.

सदिशांच्या मॅट्रिक्सला सदिशांच्या मॅट्रिक्सने गुणायचे म्हटले की मात्र आधी सांगावे लागते की घराघरात अदिश गुणाकार हवा, सदिश गुणाकार हवा, की दोन सदिशांपासून २ गुणिले २ चा मॅट्रिक्स तयार करणारा गुणाकार हवा. पुराच्या समीकरणांत तिसराच येतो: पूर्वेकडचा संवेग उत्तरेकडच्या वेगाने वाहून नेला जातो आणि उत्तरेकडचा पूर्वेकडच्या वेगाने, म्हणून प्रत्येक घरात चार गुणाकार लागतात. आपण निव्वळ गुणाकाराचे चिन्ह लिहिले तर नमपाय या तिन्हींपैकी काहीच करत नाही. तो पहिल्या घटकाला पहिल्याने आणि दुसऱ्याला दुसऱ्याने गुणतो. जे येते ते सदिशासारखे दिसते, पण भूमितीच्या अर्थाने तो सदिश नसतो. नकाशा फिरवून तोच हिशेब केला तर वेगळेच उत्तर मिळते. नदी तीच, पाणी तेच, आणि कागद कसा धरला यावर उत्तर ठरत असेल, तर तो हिशेब टाकून दिला पाहिजे. यासाठी मी प्रत्येक अक्षाला अक्षर देऊन गुणाकार लिहिण्याची आइनसम ही सोय वापरतो. आइन्स्टाइनच्या १९१६ सालच्या बेरीज-संकेतावरून ती आलेली आहे. कोणत्या अक्षरावर बेरीज होते आणि कोणते अक्षर उत्तरात राहते हे डोळ्यांसमोर लिहिलेले असल्याने वाचणाऱ्याला अंदाज करावा लागत नाही.

सदिशांची लांबी काढतानाही हीच काळजी घ्यावी लागते. अक्ष न सांगता पेटीची लांबी विचारली तर नमपाय सगळे आकडे एका लांब सदिशाचे मानून एकच संख्या देतो. घराघरातला वेग हवा असेल तर घटकाचा अक्ष सांगावाच लागतो.

आतापर्यंत सर्व सदिश एका लांबीचे होते. कधी कधी तसे नसते. पावसाच्या नोंदींसाठी तिने एक वेगळा तक्ता केला होता. जिल्ह्यातले १२ तालुके ओळींत, जून ते सप्टेंबर हे ४ महिने स्तंभांत, आणि प्रत्येक घरात त्या महिन्यातल्या रोजच्या पावसाचा सदिश. गगनबावड्याचा जुलै आणि शिरोळचा जुलै शेजारी ठेवून पाहायला ही कल्पना सुंदर आहे. अडचण एवढीच की जून आणि सप्टेंबर ३० दिवसांचे, तर जुलै आणि ऑगस्ट ३१ दिवसांचे. अशा असमान लांबीच्या याद्यांचा ॲरे करायला सांगितला की जुने नमपाय मुकाट्याने ऑब्जेक्ट प्रकारावर घसरत असे. २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या १.२४ आवृत्तीपासून ते सरळ नकार देते. मला हा नकार योग्य वाटतो.

सगळ्यांना ३१ दिवस देऊन उरलेली २४ घरे शून्याने भरणे हा सुचणारा पहिला उपाय, आणि तो चुकीचा आहे. शून्य पाऊस ही खरी नोंद असते. ३१ जूनला शून्य मिलिमीटर पाऊस पडला असे आपण लिहून ठेवले, की जूनच्या बेरजेला ३० ऐवजी ३१ ने भाग जातो आणि बाराही तालुक्यांची सरासरी उतरते. भरायचेच असेल तर 'संख्या नाही' या अर्थाचे जे खास मूल्य असते ते भरावे आणि सरासरी काढताना ते वगळावे. माझ्या मते त्याहून चांगला उपाय म्हणजे महिन्यांची घरे मोडून १२ ओळी आणि १२२ स्तंभांचा साधा मॅट्रिक्स करावा, आणि सोबत ०, ३०, ६१, ९२, १२२ एवढी पाच आकड्यांची यादी ठेवावी. ऑगस्ट हवा असेल तर ६१ पासून ९२ च्या आधीपर्यंतचे स्तंभ घ्यायचे. सगळा आकडा सलग राहतो, पोकळ घर एकही नाही, आणि महिना ही कल्पना त्या पाच आकड्यांत सुरक्षित राहते. बहुतांश घरे शून्य असलेले मोठे मॅट्रिक्स साठवण्याची जी प्रचलित पद्धत आहे, तिच्यातही ओळींच्या सीमा अशाच एका छोट्या यादीत ठेवतात.

प्रकल्प पुढे सरकला तसे एक अनपेक्षित वळण आले. प्रत्येक घराच्या मध्यावर खोली आणि दोन्ही संवेग ठेवून साध्या मध्य-फरकाने हिशेब केला की पाण्याच्या पातळीत बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक चढ-उतार दिसू लागले. घराच्या मध्यावरचा उतार मोजताना आपण डावीकडचे आणि उजवीकडचे घर घेतो आणि ज्या घरात उभे आहोत तेच गाळतो, त्यामुळे एकाआड एक असलेली खोटी लाट हिशेबाला दिसतच नाही. यावर जुना आणि खात्रीचा उपाय आहे. हार्लो आणि वेल्श यांनी १९६५ साली द्रवांच्या प्रवाहासाठी आणि पुढे अराकावा व लँब यांनी १९७७ साली हवामानाच्या प्रारूपांच्या संदर्भात ज्याची मांडणी केली, ती सरकवलेली जाळी. तिच्यात खोली घराच्या मध्यावर ठेवतात, पूर्वेकडचा प्रवाह घराच्या उभ्या कडांवर, आणि उत्तरेकडचा आडव्या कडांवर. शेतात पाणी किती साठले ते वाफ्यात मोजावे आणि किती शिरले ते बांधाच्या तोंडाशी मोजावे, असेच हे आहे.

८०० ओळी आणि १००० स्तंभांच्या जाळीत उभ्या कडा ८०० गुणिले १००१ होतात आणि आडव्या कडा ८०१ गुणिले १०००. म्हणजे सदिशाचे दोन घटक आता एका ठिकाणीही राहिले नाहीत आणि एका मापाच्या ॲरेतही राहिले नाहीत. ज्या सदिशाला मॅट्रिक्सच्या एका घरात बसवण्यासाठी आम्ही इतका खटाटोप केला, तो सदिश हिशेबाच्या दृष्टीने एका घरात नसतोच. मला हे कळायला बरीच वर्षे लागली होती. तिला ते दोन महिन्यांत कळले, याचा मला मनापासून आनंद आहे.

तिच्या प्रोग्रामात आता तीन साधे मॅट्रिक्स आहेत: एक खोलीचा, एक उभ्या कडांच्या प्रवाहाचा आणि एक आडव्या कडांच्या प्रवाहाचा. सदिश तयार होतो तो फक्त नकाशावर बाण काढायच्या वेळी, समोरासमोरच्या दोन कडांची सरासरी घेऊन, आणि चित्र निघाले की तो पुसला जातो. सर्वांत आधी चालते ती चाचणी मात्र तिने ४ गुणिले ५ चीच ठेवली आहे. दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या घरात पाणी भरलेले, बाकीची १९ घरे कोरडी, आणि एका पावलानंतर पाणी फक्त चार शेजाऱ्यांकडे गेले आहे की नाही आणि एकूण पाणी तेवढेच राहिले आहे की नाही, ते पाहायचे.